आई धनगढीला, मी पावसला

‘मी मूळची नेपाळची, धनगढीची. नवरा पावसजवळ आंब्याच्या बागेत राखणीला आहे, मुलं मराठी शाळेत. २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळ पेटलं, तेव्हापासून रात्री हातातला मोबाईल सुटत नाही. आई तिकडे एकटी. जरा खुट्ट झालं की वाटतं, उठावं आणि जावं. नवरा म्हणतो, तू जाऊन काय थांबणार आहे? आम्ही पोटासाठी देश सोडलेली माणसं. मला रडायचा तरी हक्क आहे का?’

ताई, पोटासाठी गाव सोडलं म्हणून माया सुटत नाही. आखातात काही पेटलं की रत्नागिरीतल्या आयाही अशाच जागतात, त्यांना कुणी हक्क विचारत नाही. रडू आलं तर खुशाल रडा.

मोबाईलचं मात्र मनावर घ्या. ८ सप्टेंबरला आंदोलकांवरच्या गोळीबारात १९ जण गेले. ९ ला संसद आणि सिंहदरबार हे सरकारी कचेऱ्यांचं संकुल जळालं, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. १२ ला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्याच चार-पाच दिवसांचे व्हिडिओ अजून फिरतात आणि दर वेळी आग आजचीच वाटते. तारीख आणि गाव दिसत नसेल तर तो व्हिडिओ खरा धरू नका. धनगढीची खबर धनगढीच्याच माणसाकडून घ्या.

त्यासाठी आई, तिची शेजारीण आणि जवळचा दुकानदार असे तीन नंबर कागदावर लिहून ठेवा. ४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने सोशल मीडियावर बंदी घातली, तेव्हा व्हॉट्सॲप, फेसबुक अडकलं, व्हायबर हे ॲप चालू राहिलं. म्हणून शेजारणीच्या फोनवर व्हॉट्सॲप आणि व्हायबर दोन्ही असू द्या. रोजची एक वेळ ठरवा, तिकडचं घड्याळ १५ मिनिटं पुढे आहे हे धरून. आईने उचलला नाही तर सारखा लावत बसू नका, तिची बॅटरी संपते. एक साधा मेसेज टाका, तासाभराने शेजारणीला विचारा.

पैसे कुणाच्या हाती देऊ नका. स्टेट बँकेतून नेपाळला पैसे पाठवायची सोय आहे: खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत, रोखीने ५०,००० पर्यंत. दर ठरलेला आहे, आपले १०,००० म्हणजे तिकडचे १६,०००. बाहेरचा कुणी याहून कमी हिशोब सांगत असेल तर फरक त्याच्या खिशात जातो. आईच्या नागरिकतेवर, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्यावर, नाव जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, फॉर्मवर लिहा. नाव जुळलं नाही तर पैसे अडकू शकतात.

जायचं असेल तर कर्फ्यू लागलेला असताना निघू नका. मुंबई, दिल्ली, मग सीमेवरचा गौरीफंटा नाका, एवढ्या प्रवासानंतर नाक्यावर मुलांसकट अडकाल आणि आईला तुमची काळजी लागेल. पासपोर्ट लागत नाही, पण नागरिकतेची मूळ प्रत जवळ हवी. अशा दिवसांत तपासणी कडक असते. जूनमध्ये बाग उतरली की जा. मालकाकडे रजेचं आणि उचलीचं आत्ताच बोलून ठेवा, ऐन हंगामात विचारलंत तर नाहीच म्हणतील.

इतकं करूनही दोन आठवड्यांत झोप आली नाही तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं.

आणि नवऱ्याशी भांडू नका. त्याचंही कुणी तिकडे असेल तर तो बागेत एकटाच ते सोसतोय. रात्रीचा फोन दोघांनी मिळून लावा.