8 महिन्यांच्या बाळाला नीट दिसत नाही, आत्तापासून काही करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बाळ 30व्या आठवड्यात जन्मलं, आता 8 महिन्यांचं आहे, डॉक्टरांच्या मते डोळे ठीक आहेत पण मेंदूमुळे दिसणं कमी आहे (सीव्हीआय), आणि घरची मंडळी म्हणतात, 'थोडा मोठा होऊ दे, मग शाळेचं बघू.' फोंड्याजवळ राहता. मी विशेष शिक्षिका आहे, गोव्यात घरोघरी जाऊन अशाच लहानग्यांबरोबर काम करते. औषधपाण्याचं डॉक्टरांनाच विचारा, बाकीचं सांगते.

थांबू नका. शाळेची वाट तर मुळीच बघू नका. बघायला शिकण्याचं मेंदूचं मोठं काम पहिल्या काही वर्षांतच होतं आणि सीव्हीआयच्या बऱ्याच मुलांची नजर या काळात सुधारते. किती सुधारेल ते आधी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. बाळ हात पुढे करतं, पालथं पडतं, सरकतं, ते समोर काहीतरी खुणावत असतं म्हणून. ते खुणावणंच नसलं तर धडधाकट बाळही उताणं पडून राहतं, आणि लोक म्हणतात 'किती शहाणं, त्रासच देत नाही'.

शेजारच्या बाळाशी तुलना करत असाल तर ती आधी सोडा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीसाठी डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजतात. तुमचं बाळ त्या हिशेबाने साडेपाच महिन्यांच्या आसपासचं आहे.

एक कागद आजच काढून बघा: आरओपीच्या (दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराच्या) तपासणीचा. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2 किलोहून कमी वजनाचं जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासायला हवा आणि पडदा पूर्ण वाढेपर्यंत तपासण्या चालू ठेवायच्या असतात. शेवटच्या भेटीत 'पूर्ण' असं लिहिलंय का? चष्म्याचा नंबरही बघून घ्या. सीव्हीआय आहे म्हणून नंबर नसतो असं नाही.

आता घरातलं. या बाळांना गर्दीतलं दिसत नाही, सुटं दिसतं. फुलाफुलांच्या चादरीवर दहा रंगीत खेळणी मांडली की सगळं एकमेकांत मिसळून जातं. काळं किंवा गडद एकरंगी कापड लावा आणि त्यापुढे एकच वस्तू धरा, लाल किंवा पिवळी, शक्यतो चकाकणारी. नाताळात बाजारात मिळणाऱ्या चमकत्या झिरमिळ्या मी वर्षभर पिशवीत ठेवते. हळूच हलवा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं आईबाबांना सगळ्यात जड जातं! बाळाला वस्तू सापडायला वेळ लागतो. आपण मध्येच 'बघ बघ बाळा' म्हणालो की ते आवाजाकडे वळतं आणि बघणं राहून जातं. टीव्ही, मिक्सर बंद असू द्या. काही मुलं वस्तूकडे एक क्षण बघतात, मान फिरवतात आणि मग हात नेतात. ते दुर्लक्ष नव्हे, त्यांची ती रीतच असते. मुदतीआधी जन्मलेल्या मुलांना बरेचदा खालच्या बाजूचं कमी दिसतं, म्हणून वस्तू डोळ्यांच्या पातळीवर, डावीकडे, उजवीकडे धरून बघा. कुठे पटकन सापडते ते तुमच्याच लक्षात येईल.

मोबाईल मात्र नको. 'मोबाईलकडे टक लावतो, म्हणजे दिसतं' हे मी फार घरांत ऐकते. उजेडाकडे टक लावणं हे सीव्हीआयमध्ये नेहमीचंच आहे, त्याला बघणं म्हणत नाहीत. लुकलुकणारे दिवेही टाळा, झटके येत असतील तर नक्कीच.

हात हे या बाळाचं दुसरं बघणं. बाळाचा हात पकडून वस्तूवर ठेवू नका. असं चार वेळा झालं की ते मूठ आवळून घेतं. आपला हात वस्तूवर ठेवायचा, बाळाचा हात आपल्या हातावर, आणि आपला हात हळूच खालून काढून घ्यायचा. प्लॅस्टिकच्या खेळण्यांपेक्षा करवंटी, स्टीलची वाटी, काथ्याचा दोर, लाकडी पळी बरी: प्रत्येकीचा स्पर्श वेगळा, आवाज वेगळा. पेज भरवताना चमचा थेट तोंडात जाऊ नये. आधी वास, मग ओठाला स्पर्श, मग घास. उचलण्याआधी 'उचलते हां' म्हणा आणि रोज तेच शब्द वापरा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की बाळाला घेऊन दारात जा, पाव त्याच्या हातात द्या. आवाजामागे एक वस्तू असते हे त्याला असंच कळणार. आवाज आला की बाळ एकदम निपचित होत असेल तर घाबरू नका, ते कान देऊन ऐकत असतं. आजी म्हणतात 'हाक मारली तर बघतही नाही', तेव्हा त्यांना त्याची बोटं बघायला सांगा.

मदतीसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेत्रविभाग आणि बालरोग विभाग दोन्हीकडे दाखवा. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यात आरओपी, दृष्टिदोष आणि विकासातला उशीर हे सगळं येतं. 'लवकर हस्तक्षेप केंद्रात पाठवा' असं स्पष्ट शब्दांत मागा, आपणहून कुणी सुचवेल म्हणून बसू नका. फोंड्यात ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, तिथे जाऊन बोला. बाळाला फिजिओथेरपी चालू असेल तर थेरपिस्टलाही दिसण्याचं सांगा, नाहीतर व्यायाम दिव्याखाली होतो आणि बाळ दिव्यातच अडकतं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के अपंगत्वाची अट असते, पण थेरपी सुरू करायला दाखला लागत नाही.

आणि डॉक्टरांकडे जाताना घरचे छोटे व्हिडिओ न्या. सीव्हीआयच्या बाळाला दिवसभर सारखं दिसत नाही. भूक, झोप, गोंगाट, ताप, सगळ्याने फरक पडतो. ओपीडीच्या गर्दीत ते काहीच बघणार नाही आणि फाईलवर तेवढंच लिहिलं जाईल. दूध पिऊन ताजंतवानं असताना, काळ्या कापडापुढे ते लाल वाटीकडे वळतं, तेवढं टिपून ठेवा.