पवनचक्कीजवळचं घर विकायचं का? आधी तो बाँड परत करा

पत्र

जत तालुक्यात आमची नऊ एकर जिरायत. माझं वय ५४. दोन एकर पवनचक्कीसाठी कंपनीला खरेदी दिली, २४ लाख खात्यावर आले. उरलेल्या सात एकरांत थोडं डाळिंब, बाकी ज्वारी-बाजरी. खर्च वजा जाता वर्षाला तीनेक लाख सुटतात. २०१९ साली वस्तीवर १८ लाख घालून स्लॅबचं घर बांधलं. कंपनीने आखलेली जागा त्या घरापासून ३८० मीटर भरते. खड्डा अजून खणलेला नाही. गावात म्हणतात, फॅन उभा राहिला की तुमच्या घराला गिऱ्हाईक लागणार नाही. घर आणि सात एकर आत्ताच विकून सांगलीत ४५ लाखांचा फ्लॅट घ्यावा का? बाकी पैशाची काळजी नाही. बँकेच्या साहेबांनी एफडीसारख्याच एका योजनेत ४ लाख घातलेत. दहा वर्षं तेवढेच भरायचे, विसाव्या वर्षी ७२ लाखांची गॅरंटी, विमा फुकट. त्याचा बाँड मागच्या आठवड्यात टपालाने आला, फोटो सोबत पाठवतो. २ लाख बोअरला गेले, १८ लाख बचत खात्यात आहेत. सोनेतारण साडेचार लाख (११ टक्के) आणि सोसायटीचं पीककर्ज ३ लाख आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी नर्सिंगला, तिची अजून दोन वर्षं, वर्षाला दीड लाख. कंपनीचा माणूस मुलाला साइटवर घेतो म्हणालाय.

उत्तर

घराचं उत्तर खाली आहे. पण घराला महिनाभर उशीर झाला तरी काही बिघडत नाही. बाँडला मात्र दिवस मोजून आहेत, म्हणून आधी तो.

तुम्ही घेतलेली ती एफडी नाही. ती विम्याची पॉलिसी आहे, आणि तुम्ही ४ लाख ठेवलेले नाहीत, ४० लाख भरायचं कबूल केलं आहे. खात्यात १८ लाख, शेतीतून वर्षाला ३ लाख, आणि हप्ता ४ लाखांचा. तुमच्या पूर्ण उत्पन्नापेक्षा हप्ता मोठा आहे. १८ लाखांतून सोनेतारण फेडलं आणि मुलीच्या शिक्षणाचे ३ लाख बाजूला काढले, तर उरतात साडेदहा लाख, म्हणजे जेमतेम अडीच हप्ते. चौथ्या वर्षी हप्ता थांबेल, पॉलिसी पेड-अप होईल (म्हणजे पुढचे हप्ते बंद, भरलेल्या हप्त्यांपुरतीच ती चालू), ७२ लाखांचा आकडा त्याच प्रमाणात खाली येईल आणि तो तुटपुंजा पैसाही तुमच्या वयाच्या ७४ व्या वर्षापर्यंत अडकून राहील.

समजा कुठून तरी दहाही हप्ते भरलेत. तरी ४० लाखांचे विसाव्या वर्षी ७२ लाख होतात, म्हणजे वर्षाला ४ टक्क्यांपेक्षाही कमी. हेच ४ लाख दरवर्षी दहा वर्षं साध्या एफडीत घातले आणि साडेसहा टक्क्यांनी विसाव्या वर्षापर्यंत राहू दिले, तर एक कोटी आठ लाखांच्या आसपास होतात. फरक ३५ लाखांवर जातो. ‘फुकट’ विम्याची ही किंमत आहे. साहेब म्हणतील, आमचे पैसे करमुक्त आहेत. तुमचं शेतीचं उत्पन्न करमुक्तच आहे आणि व्याज धरूनही तुम्हाला आज कर बसत नाही. जो कर लागूच होत नाही तो वाचवण्यासाठी २० वर्षं पैसे अडकवायचे कशाला?

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंतला शेवटून तिसरा फोटो उघडा. ती तुमच्या प्रस्ताव अर्जाची प्रत आहे. व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात ‘१५,००,०००’ लिहिलं आहे. खाली सही तुमची आहे. ३ लाखांच्या उत्पन्नावर ४ लाखांचा हप्ता मंजूर होणार नाही, म्हणून आकडा वाढवला गेला. हे तुम्ही लिहिलं नसणार, कोऱ्या अर्जावर सही घेतली असणार. पण उद्या दाव्याची वेळ आली तर हाच कागद तुमच्या बायकोपुढे ठेवला जाईल. आणि आज तोच कागद तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, त्याची झेरॉक्स काढून ठेवा.

नियम असा की पॉलिसीची कागदपत्रं मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी हप्ता परत मिळतो. मोठी कपात होत नाही. मुदत गेली की मग सरेंडर, म्हणजे पॉलिसी मधेच मोडून मिळेल ते घ्यायचं. नव्या नियमांनी एका वर्षानंतरही काही रक्कम मिळते, पण ती भरलेल्या ४ लाखांपेक्षा बरीच कमी असते.

दिवस मोजताना एक घोळ होतो. अर्जात मुलाचा ई-मेल दिला असेल आणि पॉलिसी आधी तिकडे गेली असेल, तर कंपनी तीच तारीख धरते. मुलाला आजच फोन करून मेल तपासायला सांगा. टपालाचं पाकीट फेकू नका, त्यावरचा स्पीड पोस्टचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा.

अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा, बँकेच्या साहेबांच्या हातात नाही. बँक विकते, पॉलिसी रद्द कंपनी करते. साध्या कागदावर पॉलिसी क्रमांक, कागदपत्रं मिळाल्याची तारीख, ‘फ्री-लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम परत द्यावी’ असं एक वाक्य, आणि कारण: ‘मुदत ठेव सांगून विमा विकला, उत्पन्न चुकीचं लिहिलं’. सोबत मूळ बाँड, रद्द केलेला चेक, आधार-पॅनच्या प्रती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. त्याच संध्याकाळी हेच मुलाच्या मेलवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा. नंतर बँकेत जाऊन हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद केल्याचं लेखी घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी ४ लाख आपोआप जातील.

यानंतर फोन येतील. ‘दोन हप्ते भरा, मग काढून देतो’, ‘ही बंद करा, दुसरी चांगली देतो’, ‘माझी नोकरी जाईल’. यातल्या कशालाही हो म्हणू नका. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा आणि तिथेही काम झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

आता घर.

पवनचक्कीने घराची किंमत पडते का, हे परदेशात बरंच मोजलं गेलं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये पवनचक्क्या दिसणाऱ्या दोन किलोमीटरच्या आतल्या घरांत ५ ते ६ टक्क्यांची घट दिसली. अमेरिकेत २०२३ च्या एका अभ्यासात साधारण दीड किलोमीटरच्या आतली घरं प्रकल्प जाहीर झाल्यावर ११ टक्क्यांनी उतरली, पण चक्क्या सुरू झाल्यावर तीन ते पाच वर्षांत भाव पूर्वपदावर आले. आणि ही घट दाट लोकवस्तीच्या भागात होती, ग्रामीण भागात तशी आढळली नाही. डेन्मार्कमध्ये घराची किंमत एक टक्क्यापेक्षा जास्त पडली तर विकासकाने भरपाई द्यायची, असा कायदाच आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. भाव सगळ्यात जास्त पडतो तो चक्की उभी राहण्याआधीच्या धास्तीत, म्हणजे नेमका आत्ता. आणि तुमच्या घराला मुळात वेगळा असा बाजारच नाही. ते गावठाणात नाही, शेतजमिनीवर आहे. आपल्याकडे शेतजमीन शेतकरीच घेऊ शकतो, अशा घरावर बँक गृहकर्ज सहसा देत नाही, आणि जो शेतकरी घेईल तो एकराचा भाव बोलेल, स्लॅबचा नाही. १८ लाखांतले फार तर निम्मे वसूल होतील, चक्की असो वा नसो. १८ लाख राहण्यासाठी खर्च झाले आहेत, ती गुंतवणूक नव्हती. चक्कीमुळे घर १० टक्क्यांनी उतरलं असं धरलं तरी ते १ लाख ८० हजार होतात. त्या पॉलिसीच्या अर्ध्या हप्त्यापेक्षाही कमी.

खरा प्रश्न किमतीचा नाही, राहण्याचा आहे. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून पवनचक्की राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत नसावी. शिवाय टॉवरची उंची, अधिक पंख्याच्या व्यासाचा निम्मा भाग, अधिक ५ मीटर एवढं अंतर इमारती आणि रस्त्यांपासून हवं. १४० मीटर टॉवर आणि १४४ मीटर व्यास असेल तर ते २१७ मीटर भरतं, म्हणजे पडझडीच्या हिशोबात तुमचं घर बसतं, आवाजाच्या हिशोबात बसत नाही. खड्डा खणलेला नाही, तोवर तुमच्या शब्दाला वजन आहे. काँक्रीट पडलं की ते संपलं.

तेव्हा याच आठवड्यात अंतराची मोजणी लेखी मागा: टॉवरच्या मध्यबिंदूपासून घराच्या जवळच्या भिंतीपर्यंत, जीपीएसच्या आकड्यांसह. ३८० भरलं तर जागा सरकवण्याचा अर्ज कंपनीला, प्रत तहसीलदारांना आणि महाऊर्जाला (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था). जागा सरकत नसेल तर घराची भरपाई किंवा वेगळ्या जागी घर बांधून देणं, हे लेखी करारात. तोंडी आश्वासनाला, साइटवरच्या नोकरीसकट, हिशोबात शून्य धरा. चक्की चालू झाली की तिथे थोडेच लोक लागतात.

जागा सरकली नाही तरी लगेच विकू नका, एक पावसाळा ऐका. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य-पश्चिमेचा वारा जोरात असतो, आवाज तेव्हाच सगळ्यात जास्त. घर चक्कीच्या पूर्वेला किंवा ईशान्येला असेल तर तो तुमच्याकडेच येणार. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोबाइलवरचं ॲप पुराव्याला चालत नाही, पण अंदाज येतो. रात्री दहानंतर, चक्की चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा. दुसरी गोष्ट पात्यांची फिरती सावली. चक्की घराच्या पूर्वेला असेल तर सकाळी, सूर्य उगवल्यानंतर पाऊण ते दोन तासांच्या टप्प्यात, वर्षातले काही आठवडे ती खिडकीवर लपलप करत फिरते. पश्चिमेला असेल तर तसंच मावळतीआधी. त्या वेळापुरती चक्की थांबवता येते. करारात मागायची ही दुसरी गोष्ट.

सात एकर विकून फ्लॅट हा विचार सोडा. ४५ लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून ३ लाख आणखी जातील. महिन्याचा देखभालीचा खर्च आला, शेतीचे वर्षाचे ३ लाख गेले. तो भाड्याने दिला तर वर्षाला लाख-सव्वा लाख येतील. आणि सगळी जमीन गेली की पुढे पुन्हा शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा शोधत फिरावं लागतं. मुलगा आज पुण्यात आहे म्हणून त्याचाही हा दरवाजा बंद करू नका.

विकलेल्या दोन एकरांच्या कराचं थोडक्यात. जत नगरपरिषदेच्या किंवा तेवढ्याच दुसऱ्या शहराच्या हद्दीपासून तुमची जमीन हवाई अंतराने २ किलोमीटरच्या पलीकडे असेल आणि खरेदीच्या दिवशी ती शेतीच असेल, तर त्या २४ लाखांवर भांडवली नफ्याचा कर नाही. खरेदीखत, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), त्या वर्षाचा पीकपाहणीसह सातबारा आणि अंतराचा दाखला एका फाइलमध्ये ठेवा. खात्यावर एवढी रक्कम दिसली की कधी ना कधी विचारणा होते.

पैशाची मांडणी अशी. सोनेतारण उद्या फेडा आणि दागिने घरी आणा. त्यावर वर्षाला ५० हजार व्याज जातंय आणि तुमचे १८ लाख बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांनी पडून आहेत. पीककर्ज मात्र आधी फेडू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की केंद्र-राज्याच्या सवलतींनी व्याज शून्यावर येतं. मुदतीच्या आठ दिवस आधी भरा आणि पुन्हा उचला. पॉलिसीचे पैसे परत आले की तुमच्याकडे साधारण सव्वासतरा लाख राहतील. त्यातले ३ लाख मुलीचे, एक आणि दोन वर्षांच्या ठेवीत. ३ लाख अडीनडीचे. कुटुंबाचा आरोग्य विमा घ्या, पत्रात त्याचा उल्लेखच नाही; महात्मा फुले योजनेचं ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या आजारांनाच. उरलेल्या ११ लाखांपैकी ७ लाख बँक आणि पोस्टाच्या ठेवींत आणि ४ लाख दीड-दोन वर्षांत थोडे थोडे करून इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड), दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. साठी पूर्ण झाली की ठेवींचा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवा.

एका बँकेत ५ लाखांपेक्षा जास्त ठेव नको, ठेव विम्याचं संरक्षण तेवढंच आहे आणि व्याजही त्यातच धरतात. पतसंस्थेला ते संरक्षण नाहीच. गावात २४ लाखांची बातमी एव्हाना सगळ्यांना कळली असेल, दीड टक्का जास्त देणारी पतसंस्था दारात येईलच. तिला नाही म्हणा.

बाँड परत केल्याच्या पोचपावतीचा फोटो आणि जागेच्या मोजणीचा कागद पाठवा. भरपाईचा मसुदा कंपनीने दिला तर सही करण्याआधी तोही पाठवा.