दाजी गेले, आणि टेम्पोवाला म्हणतो तीन लाखात मिटवा

प्रश्न : मॅडम नमस्कार. चार महिन्यांपूर्वी माझे दाजी गेले. कामावरून बाइकने घरी येत होते, पेठ नाक्याच्या अलीकडे टेम्पोने मागून उडवलं, जागेवरच गेले. वय ३४. वायरिंगची कामं घ्यायचे, महिन्याला २० हजारापर्यंत सुटायचे पण सॅलरी स्लिप वगैरे काही नाही. मागे माझी बहीण, दोन लहान पोरं आणि दाजींची आई, सगळे कराडला असतात. टेम्पोमालकाच्या ओळखीतला एक जण सारखा घरी येतोय, तीन लाख रोख घ्या, स्टॅम्पपेपरवर सही करा, कोर्टात पोरं म्हातारी होतील म्हणतो. भावकीतले म्हणतात माणूस गेला आता त्याच्या जिवाचे पैसे कसले घ्यायचे. दाजींनी हेल्मेट घातलं नव्हतं त्यामुळे क्लेम बसतच नाही असंही ऐकलंय. काय करावं?
– एक भाऊ

उत्तर : दादा, पहिलं सांगते, त्या स्टॅम्पपेपरवर बहिणीची सही अजिबात होऊ देऊ नका. आईंचीही नको, अंगठाही नको. टेम्पो ड्रायव्हरवरची पोलीस केस स्टेशनात बसून मिटवता येत नाही, आणि तो कागद मात्र पुढे क्लेममध्ये तुमच्याच विरोधात काढला जातो.

आता तीन लाख किती कमी आहेत ते बघा. सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात हिशोबाची पद्धत ठरवून दिलीय. महिना २० हजार धरले, स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २८ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख ३६ हजार. घरात चार जण त्यांच्यावर अवलंबून, म्हणून त्यांचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले २ लाख ५२ हजार. ३४ वयाला १६ ने गुणायचं, झाले ४० लाख ३२ हजार. शिवाय अंत्यविधीचा खर्च, बायको, मुलं, आई यांचा आधार आणि सहवास गेला त्याचे वेगळे, आणि अर्ज दाखल केल्यापासूनचं व्याज. टेम्पोचा विमा चालू असेल तर हे पैसे विमा कंपनी भरते, त्यामुळे मालक गरीब आहे हो, त्याचंही घर आहे, हे ऐकून विरघळू नका.

पण हा सगळा आकडा २० हजारावर उभा आहे आणि तो तुम्हाला दाखवावा लागेल. पुरावा नसेल तर कोर्ट स्वतःच्या अंदाजाने धरतं, समजा १२ हजार धरले तर हीच रक्कम २४ लाख १९ हजारावर येते, सरळ १६ लाखांचा फरक. म्हणून आत्ता दाजींचा मोबाइल फॉरमॅट करू नका, सिम बंद करू नका, फोनपे-गूगल पेची हिस्ट्री, बँकेचं स्टेटमेंट, ज्या दुकानातून वायर-बोर्ड घ्यायचे तिथली बिलं, कामाची वही, ज्यांच्या बंगल्याचं काम केलं त्यातले दोघं-तिघं साक्षीला येतील का ते विचारून ठेवा. रिटर्न भरला असेल तर उत्तमच. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, टेम्पोची आरसी, विम्याची पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याच्या कॉप्या घ्या. पोलिसांनी अपघाताचा सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत क्लेम ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला, पाठवायचा असतो, तुमचे चार महिने झालेत म्हणजे तो गेला का ते जाऊन विचाराच.

मुदतीचं नीट ऐका. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असा नियम परत आलाय. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्या भरवशावर बसू नका, तुमच्या हातात दोन महिने आहेत. अपघात सांगली जिल्ह्यात झाला तरी अर्ज बहीण राहते तिथे, म्हणजे सातारा जिल्ह्यात करता येतो, तारखेला पोरं घेऊन लांब जायची गरज नाही. अर्जात दाजींच्या आईंचं नाव घाला, त्यांचाही हक्क आहे, आणि नाव राहिलं की घरातच भांडण लागतं हे मी फार वेळा पाहिलंय.

हेल्मेटचा मुद्दा विमा कंपनीचा वकील काढणार, काढू दे. धडक मागून बसलीय, हेल्मेट नव्हतं म्हणून काही टेम्पो येऊन आदळला नाही. फार तर काही टक्के कापतील, क्लेम बसतच नाही हे साफ खोटं. ड्रायव्हरकडे लायसन्स नसलं तरी बऱ्याच केसमध्ये कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. एलआयसीचे पैसे मिळाले असतील तर तेही यातून वजा होत नाहीत, हे १९९८ पासून ठरलेलं आहे, आणि तो निकाल आपल्या एसटी महामंडळाच्याच केसमधला.

भावकीला सांगा, हे जिवाचे पैसे नाहीत, दाजी पुढची पंचवीस-तीस वर्षं या पोरांसाठी जे कमावणार होते ते आहेत. पोरांचा हिस्सा कोर्ट बहुतेक वेळा ती सज्ञान होईपर्यंत एफडीत ठेवायला लावतं, मामा किंवा काका कुणीच त्याला हात लावू शकत नाही. आणि उद्या बहिणीने दुसरं लग्न केलं तरी तिचा हक्क जात नाही, मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये हे सांगितलंय. आज तिच्यासमोर हा विषय काढू नका, पण तुम्हाला माहीत असू द्या.

एवढे टक्के द्या मग केस लढतो म्हणणारे भेटतील, हॉस्पिटलच्या दारातच भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला वकिलांना परवानगीच नाही. बाई अर्जदार असेल तर उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. साताऱ्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बहिणीचं आधार कार्ड, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला आणि एफआयआर घेऊन याच आठवड्यात जा, तिला बोलायला जमत नसेल तर तुम्ही बोला, सही तेवढी तिची लागेल.