स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ असं लिहितात, ही तपासणी कुणाच्या संशोधनातून आली?

एलवुड जेन्सन यांच्या. शिकागो विद्यापीठातले हे शास्त्रज्ञ मुळात रसायनशास्त्राचे.

1950 च्या दशकात समज असा होता की इस्ट्रोजेन शरीरात एन्झाइमांमार्फत रासायनिक बदल होऊन काम करतं. जेन्सन यांनी उलट बाजूने सुरुवात केली: हे संप्रेरक जातं कुठे, तेच आधी पाहू. त्यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी ट्रिटियमची खूण लावली आणि ते उंदरांच्या लहान माद्यांना टोचलं. बाकी अवयवांतून ते लवकर निघून गेलं, गर्भाशयात मात्र टिकून राहिलं, तेही अजिबात न बदलता. म्हणजे तिथल्या पेशींत त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. तोच इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे रिपोर्टमधला ‘ईआर’. हे प्रथम मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

रुग्णांच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. त्या काळी स्तनाच्या कर्करोगात गाठीला मिळणारी संप्रेरकं थांबवण्यासाठी अंडाशय किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून टाकत. फायदा व्हायचा साधारण तिघींपैकी एकीला. उरलेल्या दोघींची शस्त्रक्रिया फुकट. गाठीत रिसेप्टर भरपूर असतील तरच हा उपचार लागू पडतो, हे जेन्सन यांनी दाखवलं आणि आधीच ओळखण्याची सोय झाली. टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारं औषध कुणाला द्यायचं तेही आज यावरूनच ठरतं.

2004 मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार विभागून मिळाला. नोबेल नाही मिळालं. माझ्या मते मिळायला हवं होतं.