युरोपातील छोट्या देशांच्या क्रीडा स्पर्धेत जिंकलेल्या टेनिसच्या पदकाला कितपत अर्थ असतो?

‘युरोपातील छोट्या देशांच्या क्रीडा स्पर्धेत टेनिसचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या खेळाडूला त्याचा उपयोग काय? नावाजलेले खेळाडू तिथे फिरकतही नाहीत, मग ही स्पर्धा निव्वळ हौसेची म्हणायची का?’ असा आपला प्रश्न आहे. 2023 साली ही स्पर्धा माल्टात भरली तेव्हा मी नोकरीनिमित्त तिथे राहत होतो आणि मार्सा येथील कोर्टांवर जाऊन टेनिसचे काही सामने पाहिले होते, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

क्रमवारीच्या हिशेबाने या पदकाचे मोल शून्य आहे. व्यावसायिक क्रमवारीचा एकही गुण इथे मिळत नाही आणि स्पर्धेची बक्षिसाची रक्कमही नसते. मात्र मोठे खेळाडू अनास्थेमुळे येत नाहीत, हे आपले गृहीतक मला पटत नाही, कारण खरी अडचण तारखांची आहे. ही स्पर्धा दर दोन वर्षांनी, विषम वर्षी, मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी भरते, आणि नेमके तेच दिवस पॅरिसच्या फ्रेंच ओपनचे असतात. 2013 साली लक्झेंबर्गमध्ये 27 मे रोजी ही स्पर्धा सुरू झाली, तर पॅरिसमध्ये आदल्याच दिवशी. 2019 साली माँटेनेग्रोतही हेच घडले. आणि 2023 साली माल्टातील उद्घाटन व फ्रेंच ओपनच्या पहिल्या फेरीचा आरंभ एकाच दिवशी, 28 मे रोजी होता. त्या वर्षी पॅरिसमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही 69,000 युरो मिळत होते. प्रवास, प्रशिक्षक आणि फिजिओ यांचा वर्षभराचा खर्च ज्याला स्वतःच्या कमाईतून भागवावा लागतो, त्याने त्या रकमेवर पाणी सोडून देशासाठी माल्टाला यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. 2006 साली ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत रॉजर फेडररकडून पहिला सेट घेणारा सायप्रसचा मार्कोस बगदातिस किंवा 2017 साली विम्बल्डनमध्ये राफाएल नदालला पाचव्या सेटमध्ये 15-13 असे हरवणारा लक्झेंबर्गचा जिल मुलर हे ऐन भरात असताना मे महिन्याच्या शेवटी कुठे असणार, हे वेगळे सांगायला नको.

आता ही स्पर्धा कोणाची, ते थोडक्यात सांगतो. 1985 साली सॅन मरिनोमध्ये ती प्रथम झाली. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या देशांसाठी ती आखलेली होती, आणि आज अँडोरा, आइसलँड, लक्झेंबर्ग, लिक्टेनस्टाइन, माल्टा, माँटेनेग्रो, मोनॅको, सॅन मरिनो आणि सायप्रस असे नऊ देश तिच्यात भाग घेतात. त्यांच्या ऑलिंपिक समित्या आपापले संघ पाठवतात. हे नऊ देशही एकमेकांच्या बरोबरीचे नाहीत. सॅन मरिनो, मोनॅको आणि लिक्टेनस्टाइन यांची लोकसंख्या प्रत्येकी चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तर सायप्रस आणि लक्झेंबर्ग त्यांच्या पंधरा ते पंचवीस पटींनी मोठे.

मोनॅकोचे उदाहरण मला विशेष लक्षात घेण्याजोगे वाटते. जगातले कितीतरी अव्वल टेनिसपटू तिथे राहतात, पण राहणे वेगळे आणि नागरिक असणे वेगळे. मोनॅकोचे नागरिक सुमारे दहा हजारच आहेत आणि देशाचा संघ त्यांच्यातूनच उभा करावा लागतो. शिवाय ज्या मॉन्टे कार्लो कंट्री क्लबच्या क्ले (मातीच्या) कोर्टांमुळे मोनॅकोचे नाव टेनिसजगतात गाजते, तो क्लबही प्रत्यक्षात सीमेपलीकडे, फ्रान्सच्या हद्दीत आहे. एवढ्याशा लोकसंख्येतून व्हॅलेंतँ वाशेरोसारखा खेळाडू निघाला. तो अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठासाठी खेळून तयार झाला, त्याचा प्रशिक्षक त्याचाच सावत्र भाऊ बेंजामिन बालेरे आहे, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक क्रमवारीत 204 व्या स्थानावर असताना त्याने पात्रता फेरीपासून सुरुवात करून शांघाय मास्टर्स जिंकली. उपांत्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला आणि अंतिम फेरीत आपल्याच नात्यातल्या भावाला, फ्रान्सच्या आर्थर रिंडरक्नेशला हरवले. असे खेळाडू पिढीतून एखादाच निघतो, हे खरे. पण तो निघण्यासाठी त्या देशात टेनिसचा संघ, प्रशिक्षक आणि सरावाला जोडीदार असावे लागतात, आणि या स्पर्धेचे खरे काम मला तिथे दिसते.

मार्साच्या कोर्टांवर मला जे दिसले ते असे. बहुतेक संघ मोजक्या खेळाडूंचे असतात, त्यामुळे तेच खेळाडू एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे तिन्ही प्रकार आठवड्याभरात खेळतात. सकाळी एकेरीत तीन सेटचा सामना हरलेला एक खेळाडू दुपारी घोट्याला पट्टी बांधून मिश्र दुहेरीसाठी पुन्हा कोर्टवर उतरला होता. पहिल्या काही गेममध्ये त्याची पहिली सर्व्हिस आत पडेना. तेव्हा त्याच्या जोडीदार मुलीने प्रत्येक गुणापूर्वी त्याच्याजवळ जाऊन, तोंडापुढे चेंडू धरून, काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि ती नेटच्या अगदी जवळ उभी राहू लागली. त्यामुळे परतीचे फटके मारणारे बिचकले आणि त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवरही गुण मिळू लागले. वर्षभर एकट्याने विमानतळावर बॅगा ओढणारे, हॉटेलची खोली स्वतः शोधणारे हे खेळाडू इथे बास्केटबॉल आणि ज्युदोच्या खेळाडूंसोबत एकाच रंगाच्या जर्सीत वावरतात, आणि कोर्टशेजारच्या खुर्च्यांवर त्यांच्यासाठी ओरडणारे लोक त्यांना नावाने ओळखतात.

दर्जाविषयी मात्र उगाच गोड बोलणार नाही. पहिल्या फेरीतले काही सामने फारच एकतर्फी असतात, कारण एका बाजूला व्यावसायिक क्रमवारीतली खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला शाळेची परीक्षा देऊन आलेली मुलगी अशीही गाठ पडते. उपांत्य फेरीपासून पुढे चित्र बदलते. दुहेरीत तर मला सुरुवातीपासूनच चुरस दिसली, कारण तिथे दोन मध्यम खेळाडू एकमेकांना सांभाळून घेऊन अधिक गुणवान जोडीला अडचणीत आणू शकतात.

यजमान देश बदलला की खेळही बदलतो, आणि हा भाग पुरेसा लक्षात घेतला जात नाही. अँडोरा ला व्हेला हे राजधानीचे शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू जोरात जातो, पण उंचावरच्या खेळासाठी नियमांत सांगितलेले खास चेंडू 1219 मीटरच्या वर वापरायचे असतात. म्हणजे हजार मीटरवर साध्याच चेंडूंनी खेळायचे आणि फटक्यांची लांबी आपली आपण आवरायची. समुद्रकाठच्या माल्टातून किंवा सायप्रसमधून आलेल्या खेळाडूला एक-दोन दिवसांत हे जमवावे लागते. आइसलँडमध्ये थंडी आणि वारा यांमुळे टेनिसची सारी भिस्त बंदिस्त कोर्टांवर असते, त्यामुळे तिथे तयार झालेल्या खेळाडूला माल्टाच्या उन्हाची आणि वाऱ्याची सवय नसते.

आपण उपयोगाबद्दल विचारले आहे, म्हणून लिक्टेनस्टाइनचे उदाहरण देतो. स्टेफनी फोग्ट ही या स्पर्धेत खेळलेली खेळाडू 2012 साली लंडन ऑलिंपिकमध्ये देशाच्या अवघ्या तीन खेळाडूंच्या पथकाची ध्वजधारक होती. तिच्यानंतर कॅथिंका फॉन डाइकमान हिने 2018 साली यूएस ओपनच्या एकेरीच्या मुख्य फेरीत प्रवेश मिळवला, जो त्यापूर्वी त्या देशाच्या कोणत्याही खेळाडूला मिळाला नव्हता. केवळ पदकांमुळे त्या तिथे पोहोचल्या असे मी म्हणणार नाही. परंतु चाळीस हजारांच्या देशात टेनिस संघटनेला ऑलिंपिक समितीसमोर उभे राहून पैसे, कोर्ट आणि प्रशिक्षक मागायचे असतील, तर दाखवायला दर दोन वर्षांनी येणारी हीच स्पर्धा हाताशी असते.

सॅन मरिनोच्या दोमेनिको विचिनीची गोष्टही याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. डेव्हिस चषकात, म्हणजे देशांच्या पुरुष संघांच्या टेनिस स्पर्धेत, सर्वाधिक लढतींत (एका देशाच्या संघाची दुसऱ्याशी गाठ म्हणजे एक लढत) उतरण्याचा विक्रम इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या नावावर होता, 66 लढतींचा. विचिनी नव्वदहून अधिक लढती खेळला. डेव्हिस चषकाच्या खालच्या गटांत एकाच ठिकाणी, एकाच आठवड्यात अनेक देशांशी लढती होतात, म्हणून हा आकडा एवढा फुगतो, हे मान्य. तरीही दोन दशकांहून अधिक काळ दरवर्षी देशासाठी रॅकेट हाती घेणारा माणूस ज्या देशात असतो, तिथे या पदकाला हौसेचे म्हणणे मला योग्य वाटत नाही.

पुढची स्पर्धा 2027 साली मोनॅकोत आहे. आपण त्या सुमारास युरोपात असाल, तर आदल्या आठवड्यात फ्रेंच ओपनच्या पात्रता फेरीत या नऊ देशांपैकी कोण कोण हरले, ते आधी पाहून ठेवावे, कारण त्यांच्यापैकी कोणी थेट मोनॅकोला आले तर ड्रॉचे, म्हणजे कोणी कोणाशी खेळायचे त्या मांडणीचे, सारे गणित बदलते. एकाच दिवशी जाता येणार असेल, तर एकेरीची पहिली फेरी सोडून मिश्र दुहेरीचा दिवस निवडावा.