कब कॅडेट १२२: दुरुस्त करून उभा करावा की सुटे करून विकावा?

तुमच्या प्रश्नावरून जे समजलं ते असं: कब कॅडेट १२२ हा बागकामाचा छोटा ट्रॅक्टर, कोलर कंपनीचं १२ हॉर्सपॉवरचं इंजिन, बरीच वर्षं शेडमध्ये उभा. इंजिन हलत नाही, गवत कापायच्या डेकची गंजून चाळण झालीय, पण बॉनेट आणि बाकीचा पत्रा शाबूत आहे. इंजिन सुटलं तर दुरुस्ती, नाही सुटलं तर सुटे भाग विकायचे, असं तुमचं चाललंय. मी तरी या ट्रॅक्टरचा निकाल इंजिनावर लावणार नाही.

१२२ साधारण १९६५ ते १९६७ मधला. त्यातलं के३०१ हे बिडाच्या ब्लॉकचं, एका सिलिंडरचं इंजिन. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजला असेल तर ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंच ओव्हरसाइज, म्हणजे तेवढा मोठा, पिस्टन बसतो. क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) घासून बारीक केली तर तिला बसणारा ०.०१० इंच अंडरसाइज कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा) मिळतो. कोलरची ही के मालिका जॉन डिअर, व्हील हॉर्स अशा इतरांच्या ट्रॅक्टरांतही बसायची, त्यामुळे भागांची फार चणचण नाही. खर्च येतो, पण किती येईल ते आधी सांगता येतं.

मागच्या भागाचं तसं नाही. या ट्रॅक्टरची चाकं बेल्टवर फिरत नाहीत. इंजिनापासून क्लच आणि शाफ्टमार्फत ताकद थेट मागच्या बिडाच्या गिअरबॉक्सला जाते. फारमॉल कब या शेतीच्या छोट्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवरूनच तो घेतलेला. नुसत्या लॉन ट्रॅक्टरात आणि खऱ्या गार्डन ट्रॅक्टरात जो फरक आहे तो इथेच. हा भाग चांगला असेल तर ट्रॅक्टर जिवंत आहे, मग इंजिन कितीही वाईट असो. गिअरचे दात तुटले असतील किंवा केसिंगला तडा असेल, तर चकचकीत इंजिन असूनही मी तो सुटा करायच्या बाजूने जाईन.

म्हणून आधी गिअरबॉक्सचं तेल काढा, स्वच्छ भांड्यात, सावकाश. पाणी तळाशी साचतं, त्यामुळे ते आधी बाहेर येतं. दुधाळ तेल बघून दचकू नका. गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं की पाणी आत जातंच, आणि बेअरिंगला गंज नसेल तर धुऊन नवं तेल भरलं की बहुतेक वेळा काम होतं. बारीक चंदेरी भुकटीही चालते. बोटाला लागतील असे तुकडे आले तर मात्र वरचं झाकण उघडून बघा. मग मागची चाकं उचला, क्लच दाबून ठेवून एकेक गिअर टाकून ड्राइव्हशाफ्ट हाताने फिरवा, आणि चाक वर-खाली हलवून ॲक्सलमधला प्ले (ढिलेपणा) बघा. फ्रेम मागच्या केसिंगला जिथे बोल्टने जोडली आहे ती जागाही तपासा. बोल्ट ढिले ठेवूनच वर्षानुवर्षं चालवला असेल तर भोकं लांबट झालेली असतात.

आता इंजिन. जाम म्हणजे पिस्टनच अडकला असं नाही. स्टार्टर-जनरेटर (इंजिन चालू करणारी आणि मग बॅटरी चार्ज करणारी मोटर) बेल्टवर असतो. आधी तो बेल्ट काढा, पुढचा पीटीओ (अवजारांना ताकद देणारी जोडणी) मोकळा करा आणि पुन्हा फिरवून बघा. तरी हललं नाही तर हेड खोला. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड म्हणजे बोल्ट लावलेलं एक झाकणच, थोड्या वेळाचं काम. कधीकधी अडकलेला निघतो तो व्हॉल्व्ह. पिस्टनच धरला असेल तर ट्रान्समिशन फ्लुइड आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं ओतून काही दिवस भिजू द्या (आगीपासून लांब, दारं उघडी ठेवून), मग फ्लायव्हील अगदी थोडं पुढे-मागे करा. पिस्टनवर हातोडा नको आणि फ्लायव्हीलच्या पात्यांत पहार नको. पाती मोडली की सुटा भाग म्हणूनही फ्लायव्हीलला कोणी विचारत नाही.

सुटल्यावर कॉम्प्रेशन गेज लावून निराश होऊ नका. या इंजिनात चालू करताना दाब सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे गेज कमीच दाखवतो. फ्लायव्हील उलट्या दिशेला जोरात फिरवा. सणकून परत आलं तर दाब आहे. नेमकं हवं असेल तर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते मोजा. आणि तेलाची पातळी बघितल्याशिवाय चालू करायचं नाही. रॉड ॲल्युमिनियमचा, थेट क्रँकवर फिरणारा, आणि तेल नुसतं उडून लागतं. तेल कमी पडलं की रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो.

आता हिशोब. 'रिस्टोअर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रंग येतो. रंग, स्टिकर, नवे टायर यांवरचा पैसा विकताना क्वचितच परत येतो; तो हौसेचा खर्च. चालू करणं वेगळं: कार्ब्युरेटर साफ, इग्निशनच्या (ठिणगी पाडणाऱ्या) पॉइंटची गॅप ०.०२० इंच, नवी पेट्रोलची नळी, बॅटरी. एवढं आधी करा, कारण दोन्हीकडे फायदाच आहे. ठेवलात तर चालतो, सुटा केलात तर चालू दाखवलेल्या इंजिनाला आणि गिअरबॉक्सला जाम मालापेक्षा कितीतरी जास्त मागणी असते.

सुटे भाग विकण्यातली गोम अशी की बॉनेट, ग्रिल, स्टिअरिंग, पीटीओ क्लच, चाकांची वजनं आधी जातात. मग फ्रेम आणि जड बीड तुमच्या शेडमध्ये बसून राहतं, कारण ते पाठवायचाच खर्च भारी. किती महिने जागा अडवायची तयारी आहे ते आधी ठरवा. हे झेपत नसेल तर आहे तसा अख्खा विका. याच मॉडेलचा दुसरा ट्रॅक्टर असलेल्या माणसाला तो घ्यायला तुमचं बॉनेटच पुरेसं कारण आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून, गिअरबॉक्समध्ये तुकडे निघाले नाहीत तर मी हा ठेवीन. १२२ चा शाबूत पत्रा सहजासहजी मिळत नाही, आणि तो तुमच्याकडे आहे. डेकचं वाईट वाटून घेऊ नका; डेक नसतानाही हा ओढकामाला आणि मागच्या अवजारांना चालतो. कोणताही भाग मागवण्याआधी इंजिनावरच्या पट्टीवरचा स्पेक नंबर (इंजिन नेमकं कोणतं ते सांगणारा) उतरवून घ्या. मधे कधी इंजिन बदललं असेल तर ट्रॅक्टरच्या मॉडेलवरून मागवलेली गॅस्केट बसणार नाही.