'मळी' नेमकी कोणती?

प्रश्न असा: एक बातमी म्हणते 'मळीमिश्रित पाण्यामुळे मासे मेले', दुसरी म्हणते 'मळीपासून इथेनॉल', आणि गावाकडचे मामा सांगतात की औंदा रानात चार ट्रॉल्या मळी टाकली. ही सगळी एकच मळी का?

नाही, या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. गुऱ्हाळवाल्याला विचारलंत तर चौथीही निघेल.

तिच्यापासूनच सुरुवात करू. काहिलीतला रस तापला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. घाण गोळा होऊन वर येते, ती काढून टाकतात. ही मळी, मळाशी तिचं नातं उघड आहे. साखर कारखान्यात हेच काम चुना आणि गंधकाचा वायू करतात. गाळ खाली बसतो, फिल्टरवर ओढला जातो आणि ओलसर काळपट चोथा उरतो, टनभर उसामागे ३० ते ४० किलो. कारखान्यात तो प्रेसमड, शेतात मळी. म्हणजे मामांचा अर्थ गुऱ्हाळाला सर्वांत जवळचा. (ताजी टाकली असेल तर मात्र पंचाईत: कुजताना ती तापते, जमिनीतलं नत्र ओढते आणि पीक पिवळं पडतं. आधी दोन-तीन महिने ढीग घालून कुजवावी.) हल्ली या मळीला बायोगॅस प्रकल्पही गिऱ्हाईक झाले आहेत. त्यांना ती ताजीच हवी, कारण उघड्यावर पडून राहिली की गॅसचा उतारा घटतो.

इथेनॉलची मळी म्हणजे मोलॅसिस, साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा दाट काळा पाक. साखर शेवटपर्यंत काढून घेतली की उरते ती 'सी-हेवी': टनभर उसामागे ४० ते ४५ किलो, आणि अशा एका टनातून २२० ते २५० लिटर इथेनॉल. एक टप्पा आधी थांबलं तर 'बी-हेवी'. तिच्यातून टनाला ३०० लिटरच्या आसपास मिळतं, पण तेवढी साखर हातची जाते. म्हणून लिहिताना कोणती मळी हे सांगायलाच हवं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने इथेनॉलसाठी उसाचा रस आणि सिरप वापरण्यावर बंदी घातली होती; तेल कंपन्यांना आधीच देऊ केलेलं बी-हेवीचं इथेनॉल त्यातून वगळलं होतं.

मासे मारते ती यांपैकी एकही नाही. ते मोलॅसिसपासून अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलरीचं सांडपाणी, म्हणजे स्पेंट वॉश. लिटरभर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटर तरी निघतं आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. पुष्कळ ठिकाणी ते आटवून बगॅसबरोबर (रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चिपाडाबरोबर) बॉयलरमध्ये जाळतात. राखेत पालाश असतो, तो खतात जातो. पण बगॅस वीजनिर्मितीला लागतो, कागद गिरण्यांनाही हवा असतो. ऊस कमी पडून हंगाम लवकर आटोपला की बगॅस तुटतो, बॉयलर थांबतो आणि साठवण तलाव भरत जातात. बातमीत त्यामुळे 'डिस्टिलरीचं सांडपाणी' लिहावं. 'मळीमिश्रित' वाचून लोक प्रेसमडला दोष देतात.

आणखी एक घोळ: मोलॅसिसला 'काकवी' म्हणू नये. काकवी ही गुळाच्या आधीची अवस्था, सगळी साखर अंगात असलेली, भाकरीशी खायची. मोलॅसिसचा हिशेब राज्य उत्पादन शुल्क विभागाला द्यावा लागतो.